हार घातलेली गाडी

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर चांगलंच जाड झालेलं आहे. डॉक्टर म्हणाले, संधिवात असेल. मी मान हलवली, पण तो संधिवात नाही, तो धंदा आहे. अर्धं आयुष्य लोकांच्या गाड्या बोटाने वाजवून पाहण्यात गेलं. नंदुरबारात मला नावाने ओळखणारे थोडे. पण 'टकटक नाना कुठे बसतात' असं स्टँडवर विचारलं तर कोणताही रिक्षावाला तुम्हाला आमच्या प्लॉटवर आणून सोडेल आणि वर भाडंही जास्तच घेईल.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्या माणसासोबत जायचं, गाडी कुठे ठोकलेली आहे का ते सांगायचं आणि पटलं तर सौदा जमवून द्यायचा, हे माझं काम. सुरत, धुळे, नाशिक, कुठे कुठे म्हणून मला नेलं नसेल! माझे वडील, बापू, हेच काम घोड्यांचं करायचे. सारंगखेड्याच्या यात्रेत ते घोड्याभोवती एकच फेरी मारायचे, एक खूर उचलायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि घोड्याची सगळी कुंडली मांडायचे. त्यांचे दोन नियम होते. विकण्याआधी घोड्याची प्रत्येक खोड तोंडाने सांगायची. आणि एकदा सौदा होऊन गळ्यात हार पडला की एकही सांगायची नाही. "गयामा हार पडना का मंग खोड काढानी नही," ते म्हणायचे, "आते ते जनावर नही, त्यासना घरनं माणूस शे."

नियम शहाणपणाचाच होता. घोडा घेऊन माणूस घरी निघाला की विकणारा केव्हाच तंबू मोडून गेलेला असतो. तेव्हा खोड काढून काय होणार? घरात भांडणं होतात आणि राग निघतो मुक्या जनावरावर. घोडे सुटले आणि मी गाड्यांत आलो, तरी बापूंचे दोन्ही नियम मी देवघरातल्या टाकांसारखे सोबत आणले. ते पाळल्याचा मला फार अभिमान होता.

आता धंद्याबाहेरच्या माणसाला समजेल असं थोडं सांगतो. पत्रा मूळचा असला तर बोट मारल्यावर तो खणखणीत बोलतो. ठोकलेल्या जागी पेंटर लांबी भरतो, म्हणजे खड्डा बुजवायचं लेपण. त्यावर बोट मारलं की आवाज बसका येतो, सर्दी झाल्यासारखा. मग दाराचं रबर ओढून आतली कड बघायची. कारखान्यात तिथे मशिनने एका ओळीत, सारख्या अंतरावर टाके मारलेले असतात. आपल्याकडचा वेल्डर कितीही हुशार असो, हाताने मारलेले टाके तसे येत नाहीत. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग फुटलेला असेल तर तिथे पाना लागलेला आहे. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत साल असतं. बाकीच्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी निघाली, तर तिला विचारायचं, बाई, तू या घरात कधी आलीस? शेवटी किल्ली फिरवायची. किल्ली फिरवली की डायलवर एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि क्षणभराने विझला पाहिजे. विझला नाही तर काहीतरी बिघाड आहे. पण पेटलाच नाही, तर समजायचं की आतले फुगे एकदा फुटलेले आहेत, नवे घालायचा खर्च कोणी केलेला नाही आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून दिवाही मारून ठेवलेला आहे.

अपघाताने गाडीची किंमत किती पडते, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात, हातात जिलबी असताना. बंपर घासला असेल तर कोणी बघत नाही. दार बदललं असेल तर गिऱ्हाईक थोडी कुरकुर करून तेवढ्यापुरतं कमी करून मागतं. पण पिलरला, म्हणजे छताच्या खांबाला, किंवा चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला हात लागला असेल तर चहा अर्धा टाकून उठतं. कारण ती गाडी सरळ झाली तरी पुढच्या धडकेत कशी वागेल, हे तिला सरळ करणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशी गाडी कितीही चकाचक असो, सारख्याच दिसणाऱ्या शेजारच्या गाडीच्या भावाला ती जन्मात पोचत नाही.

म्हणून तर लोक लपवतात. आमच्याकडे विकायला येणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याचशा कुठल्यातरी लेडी डॉक्टरने फक्त घर ते दवाखाना एवढ्याच चालवलेल्या असतात. एवढ्या लेडी डॉक्टर खरंच असत्या तर डोंगरातल्या बायकांचे हाल कशाला झाले असते! उलट, तापीकाठचे एक पाटील मला भेटले ते खरं बोलून फसलेले. त्यांच्या गाडीपुढे रानडुक्कर आलं होतं. एक हेडलाईट आणि बंपर, एवढंच नुकसान. पण ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ओट्यावर बसवून डुकराची कथा साग्रसंगीत सांगायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस स्वतःहून एवढं सांगतो म्हणजे मोठं काहीतरी लपवत असणार. पाटील माझ्यावरच चिडले. "डुक्कर मरनं भाऊ, मी नही मरनू! आते काय डुक्करना दाखला आनू?" शेवटी मी त्यांना सौद्याच्या वेळी शेतात पाठवलं आणि डुकराची हकीकत स्वतः दोन वाक्यांत सांगितली, तेव्हा गाडी गेली.

मग फोनवरचे रिपोर्ट आले. गाडीचा नंबर टाकला की मालक किती झाले, विम्याचा क्लेम कधी झाला, कंपनीच्या वर्कशॉपात काय काम निघालं, सगळं समोर येतं. चीज चांगली आहे. पण तेव्हा मला ती चांगली वाटत नव्हती, हे कबूल करतो. काल मिसरूड फुटलेलं पोरगं फोन दाखवून मला सांगायचं, "नाना, राहू द्या, बोट दुखेल." रिपोर्टात जे कुठेतरी लिहिलं गेलं तेवढंच दिसतं. गल्लीतल्या गॅरेजात रोख पैसे मोजून सरळ केलेल्या गाडीचं लिहिणार कोण? हे मी लोकांना सांगायचो, पण माझ्या सांगण्यात त्यांची काळजी कमी आणि माझा जळफळाट जास्त असायचा. लोकांनाही ते कळत असणार.

त्याच दिवसांतली ही गोष्ट. नवापूरच्या पलीकडे डोंगरात कोकणी आदिवासी शेतकऱ्याचं एक ख्रिस्ती घर आहे. म्हातारे याकोबबाबा, त्यांची बायको, मुलगा शमुवेल आणि सून एस्तेर. बापलेक भाताची शेती करतात. एस्तेर उपकेंद्रात नर्स आहे, आणि तिला पाड्यापाड्यांवर फिरावं लागतं. शमुवेलच्या चुलतभावाला पूर्वी मीच गाडी पाहून दिली होती, म्हणून घराची ओळख. पण शमुवेलने स्वतःची गाडी घेतली ती मला न विचारता, सुरतेला जाऊन, फोनवर रिपोर्ट बघून. पासिंगच्या कामासाठी सगळे नंदुरबारला आरटीओत आले होते, तिथून गाडी घेऊन मुद्दाम माझ्या प्लॉटवर आले.

पांढरी, छोटी गाडी. सकाळी चर्चच्या पाळकांनी प्रार्थना करून दिली होती. बोनेटवर झेंडूचा जाडजूड हार. त्यांच्या पाड्यातली ती पहिलीच चारचाकी.

"रिपोर्ट एकदम साफ आहे, नाना," शमुवेल म्हणाला. "तरी बाबा म्हणाले, नानांचा हात लागू दे."

मी हात लावला. बोनेट छान वाजलं, कारण ते बदललेलं होतं. उजव्या बाजूच्या पुढच्या पिलरवर बोट मारलं आणि आवाज बसला. पुन्हा मारलं. मग बघू तरी आतून म्हणत सीटवर बसलो आणि किल्ली फिरवली. सगळे दिवे पेटले. एअरबॅगचा पेटला नाही. मान वाकवून पाहिलं तर डॅशबोर्डच्या झाकणाच्या कडेला चिकटवल्याचा डाग होता. ही गाडी समोरून सपाटून आदळलेली होती, फुगे फुटलेले होते आणि त्यांच्या जागी आता काही नव्हतं. हे सगळं मला तिथल्या तिथे कळलं.

मी बाहेर आलो तेव्हा एस्तेर पेढ्यांचा डबा उघडून उभी होती. "चांगली आहे ना, नाना? मी शिकणार आहे. घाटात चालवायचीय मला."

"छान आहे," मी म्हणालो. "देवाचं नाव घ्या आणि जपून चालवा." आणि पेढा तोंडात टाकला.

याकोबबाबांनी दोन्ही हात जोडले. "नानांनी सांगितलं, आता चिंता नाही." गाडी गेली. मी मनाशी म्हणालो, हार पडला होता, बापूंचा नियम पाळला. पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण लिहितानाही मान खाली जाते. मला मनातून बरं वाटलं होतं. मला सोडून फोनला विचारलंत ना, मग आता फोनच बघेल, असं वाटलं होतं. लाज वाटावी अशा पुष्कळ गोष्टी या धंद्यात घडतात. दलाली जास्त घेतली, सौद्यात आवाज चढवला, त्या सगळ्या मी विसरलो आहे. ते बरं वाटणं मात्र विसरता येत नाही.

पुढे दीडेक वर्षाने शमुवेल एकटाच प्लॉटवर आला. गाडी विकून मोठी घ्यायची होती, बाबांना छोट्या गाडीत चढता-उतरता येत नव्हतं. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी येऊन तपासून गेला होता. त्याने रंगाची जाडी मोजायचं मशीन लावलं, रबरं ओढली, फोटो काढले आणि अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं की समोरून मोठा अपघात झालेला आहे, चेसिस ओढून सरळ केलेली आहे, एअरबॅग नाहीत. भाव असा सांगितला की शमुवेलला वाटलं, चुकून नुसत्या टायरांचा सांगितला.

"आता तुम्हीच बघा नाना," तो म्हणाला. "सुरतेहून आणली तेव्हा रिपोर्ट साफ. तुम्ही वाजवून पाहिली, तुम्ही छान म्हणाला. त्यानंतर गाडी ठोकली कोणी? एस्तेरने. मला तिने सांगितलं, शिकताना सडकेवरच्या मोरीच्या कठड्याला घासली. लाईट आणि पत्रा, एवढंच. नवापूरला करून आणली म्हणे. आणि हा माणूस म्हणतो, मोठा अपघात."

"मग ती काय म्हणते?"

"तेच. घासली फक्त." तो बोटातली अंगठी फिरवत राहिला. "खोटं बोलते, नाना. एवढी मोठी ठोकून गुपचूप करून आणली. कुठे ठोकली? कुठे गेली होती? ड्यूटी ड्यूटी म्हणून रात्री-अपरात्री जाते. पाड्यातले लोक विचारतात, गाडीत सोबत कोण होतं. किल्ली मी काढून घेतली आहे. आईबाबा तिच्याशी नीट बोलत नाहीत. आता मी पण बोलत नाही."

 समोरच्या टपरीवरून दोन चहा आले. मला वाटलं, हा आता उठून जावा.

"एकच खरं सांगा," तो म्हणाला. "तुम्ही पाहिली तेव्हा गाडी चांगली होती ना?"

वाचकहो, इथे मला दुसरी संधी मिळाली होती, आणि तीही अगदी हातात आणून दिलेली. मी म्हणालो, "इतक्या गाड्या बघतो मी... आता कसं आठवणार?"

"तुम्ही छान म्हणाला होता. बाबांना पक्कं आठवतं."

"म्हटलं असेन."

"झालं तर," असं म्हणून तो उठला. "मी तिला तेच सांगत होतो."

संध्याकाळी घरी जेवताना बायकोने विचारलं की आज भाकरी नुसतीच का कुस्करताय. मी टाळलं. पण ती पोलीस खात्यात असती तर फार वर चढली असती. थोड्या वेळात तिने सगळं काढून घेतलं.

"मंग शमुवेलले तुम्ही काय सांगं?"

"ध्यानमा नही म्हनी सांगं."

"बठ्ठा जिल्हानी गाड्या ध्यानमा ऱ्हातीस तुम्हले. हाईच कशी नही ऱ्हायनी?"

मी बापूंचा नियम पुढे केला. हार, घरचं माणूस, सगळं.

"बापूस्ना घोडाले एअरबॅग नही व्हती," ती म्हणाली. तिने माझ्या ताटात भाकरी वाढायची थांबवली. "तुम्हना तोंडले टाका मारेल व्हतात का? ती पोर तठे बिगर गुन्हानी मान खाले घाली बठेल शे. जा आनि सांगी या."

रविवारी गेलो, म्हणजे उपासना आटोपून सगळे घरी असतील. माझी स्वतःची गाडी त्या दारात नेऊन उभी करायचं धाडस झालं नाही, म्हणून एसटीने नवापूर आणि पुढे वडापची जीप. खिशात एक पेचकस घेतला होता. अंगणात याकोबबाबा बाजेवर बसले होते, शमुवेल कोंबड्यांना दाणे टाकत होता. पांढरी गाडी मांडवाखाली धूळ खात होती. मला पाहून बाबांनी आत चहा सांगितला. मी म्हणालो, चहा नको, आधी सगळ्यांना बाहेर बोलवा, सिस्टरला पण.

एस्तेर येऊन मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली. दीड वर्षापूर्वी डबा घेऊन उभी होती ती हीच बाई, यावर माझा विश्वास बसेना. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिच्याविरुद्ध आणखी एक साक्ष द्यायला आलो आहे, असंच तिला वाटलं असणार.

मी दाराचं रबर ओढलं आणि शमुवेलला जवळ बोलावून पिलरच्या कडेचे टाके दाखवले, हातचे, वेडेवाकडे, गंज चढलेले. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातलं साल वाचायला लावलं. ते साल गाडीपेक्षा नवं होतं आणि त्यांच्या खरेदीपेक्षा जुनं. म्हणजे काच फुटली, बदलली, ती गाडी यांच्या दारात येण्याआधीच. मग पेचकसाने डॅशबोर्डचं झाकण उचकटलं. ते सहज निघालं. आत फुगा नव्हता, जुन्या गादीतला स्पंज कोंबलेला होता. स्टीअरिंगच्या झाकणामागेही पोकळच होतं.

"हे सगळं तुमच्याकडे यायच्या आधीचं आहे," मी म्हणालो. "सिस्टर खरं सांगतात. त्यांनी कठड्याला घासली तेवढंच. मोठी ठोक आधीची."

"तुम्हाला कसं कळलं?" शमुवेलने विचारलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. प्लॉटवर."

शमुवेल ओट्यावर बसला. त्याची आई आतली भांडी तशीच टाकून दारात आली. बाबा आपल्या कोकणी बोलीत मुलाला काहीतरी बोलले, मग माझ्याकडे वळून शाळेत शिकलेल्या जुन्या, सावकाश मराठीत त्यांनी विचारलं, "मग तुम्ही पेढा का खाल्ला?"

मी बापूंचं उत्तर दिलं. म्हटलं, बाबा, आमच्यात पद्धत आहे, हार घातला की खोड काढायची नाही.

 त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. मग म्हणाले, "आम्ही हार काढून ठेवला असता ना."

इतकं सोपं होतं ते. मला तोंड लपवायला जागा मिळेना. शिव्या दिल्या असत्या तर निदान ऐकून घेतल्या असत्या.

मग एस्तेर बोलली. तिने पेशंटला विचारतात तसं एकेक विचारलं. "ड्रायव्हरच्या बाजूला पण नाही?"

"नाही."

"मागच्या सीटचे पट्टे?"

"ते चांगले आहेत."

"चाक एका बाजूला ओढायचं. मला वाटायचं, मलाच जमत नाही."

"तुम्हाला जमत होतं," मी म्हणालो. "चेसिसचा दोष आहे तो."

"मी ह्या गाडीतून बाळंतिणी नेल्या," ती म्हणाली. "चरणमाळच्या घाटातून. मागे झोपवून. ॲम्ब्युलन्स नाही आली तर." आवाज वाढला नाही. "तुम्ही छान म्हणाला होता म्हणून." एवढं बोलून ती आत निघून गेली.

मी 'चुकलो' म्हणालो, पण ते ऐकायला जिने थांबायला हवं होतं ती तिथे नव्हती. शमुवेलने गुडघ्यांत डोकं घातलं होतं. मला वाटतं, त्या अंगणात त्या वेळी माझ्याइतकीच लाज फक्त त्यालाच वाटत होती, पण त्याला निदान त्याच घरात राहून ती फेडता येणार होती.

गाडीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. तिच्या सगळ्या खोडी सांगूनच ती विकायला लावली, आणि अर्थातच मातीमोल भावाने गेली. सुट्या भागांसाठी घेणारा एक जण मीच शोधला, म्हणजे ती पुन्हा रस्त्यावर येऊन दुसऱ्या कोणाच्या दारात हार घालून उभी राहायला नको. त्यात मी काही थोरपणा केला असं नाही. कंपनीच्या माणसाने सांगितलेल्या भावापेक्षाही हा भाव खाली होता, आणि ते नुकसान त्या घराचंच झालं. भरून द्यायची तयारी दाखवली तेव्हा बाबांनी हात जोडून नको म्हटलं. बापूंचा दुसरा नियम मात्र मी तेव्हापासून मोडला. आता हार घातलेली असो, नारळ फोडलेला असो, पेढ्याचा डबा उघडलेला असो, मी आधी बोलतो. काही लोक चिडतात. म्हणतात, म्हाताऱ्याच्या तोंडाला काळवेळ कळत नाही. म्हणू देत.

त्या रविवारी मी निघालो तेव्हा परतीचं वडाप मिळायची वेळ टळून गेली होती. चालत सडकेपर्यंत जातो म्हणालो. याकोबबाबा उठले, आत गेले आणि गाडीची किल्ली घेऊन आले. ती त्यांनी शमुवेलला दिली नाही. एस्तेरला हाक मारली, ती आली तेव्हा तिचा हात धरून तळव्यावर किल्ली ठेवली आणि कोकणीत दोनच शब्द बोलले. काय ते मला समजलं नाही. तिने मूठ मिटली.

"चला नाना," ती म्हणाली. "स्टँडवर सोडते."

नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. मागे बसायला गेलो, तर तिने पुढचं दार उघडून धरलं. मी बसलो. समोर डॅशबोर्डचं झाकण मी उचकटलं होतं तसंच लोंबत होतं आणि त्यातून पिवळा स्पंज बाहेर आला होता. एस्तेरने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, स्वतःचा पट्टा लावला आणि गाडी चालू केली. पण गाडी हलेना. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या छातीकडे पाहत होती.

"पट्टा लावा नाना," ती म्हणाली. "तुमच्या पुढे काही नाही."

मी पट्टा ओढला, पण टोक खाचेत जाईना. ती वाट पाहत राहिली. कट्ट असा आवाज आला, मगच तिने क्लच सोडला.